काळ्या पाषाणाचा वैद्य

कुंभकोणमहून नैर्ऋत्येस दोन-अडीच कोस गेले की पट्टीश्वरम् हे गाव लागते. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची आराधना केली म्हणून हे नाव पडले, असे स्थलपुराण सांगते. धेनुपुरीश्वराचे देऊळ मोठे, त्यातील दुर्गेचे स्थान विशेष जागृत मानलेले, आणि जवळच दारासुरम् येथे चोलांनी बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वराचे मंदिर. यात्रेकरू येथील शिल्पे पाहतो, खांब मोजतो. परंतु देवळाबाहेर पडल्यावर एक गोष्ट क्वचितच त्याच्या ध्यानी येते. या सगळ्या परिसरात उपजत असा दगडच नाही. कावेरी आणि तिचे फाटे यांनी हजारो वर्षे आणून पसरलेला गाळ, त्यावर भाताची खाचरे आणि केळीच्या बागा. नांगराच्या फाळाला खडा लागत नाही आणि झाडावरची कैरी पाडायला पोराला धोंडा सापडत नाही. देवळाचे जोते, खांब, नंदी हे सारे दूरच्या खडकाळ मुलखातून ओढून आणलेले.

दगडांच्या वेडाने आयुष्य वेचलेल्या एका वैद्याची हकीकत अशा बिनदगडी मुलखातून सुरू करावी, हे चमत्कारिक वाटेल. पण ज्या मोहिमेने त्या वैद्याला मराठी मुलखात आणले, तिची वाट येथूनच जात होती. आणि येथून जवळच, तंजावरच्या थोरल्या देवळात, ती मोहीम जवळजवळ बुडता बुडता वाचली.

एकोजीराजांनी १६७६ मध्ये स्थापिलेले भोसल्यांचे तंजावरचे राज्य १८०८ साली नावापुरतेच उरले होते. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता. सरफोजीराजे यांच्या हाती किल्ला, वाडा आणि विद्येचा व्यासंग एवढेच राहिले. त्याच सुमारास विल्यम लॅम्टन हा कंपनीच्या चाकरीतील सैनिकी अधिकारी दक्षिण हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजीत चालला होता. १८०२ साली मद्रासजवळ त्याने आपली पहिली आधाररेषा मोजली होती. डोंगराळ मुलखात शिखरावर यंत्र मांडले की दहा कोसांवरची निशाणे दिसतात. कावेरीच्या सपाट खोऱ्यात मात्र नारळी-पोफळींच्या वर डोके काढणारे उंच स्थान देवळांवाचून दुसरे नव्हते. तेव्हा लॅम्टनने देवळांचा आश्रय केला. तंजावरच्या बृहदीश्वराचे विमान दोनशे फुटांहून उंच. त्यावर सुमारे अर्ध्या टनाचे त्याचे थोरले कोनमापक यंत्र दोरांनी चढविले जात असता एक दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. पितळेचे ते मोठे वर्तुळ वाकले, दातरे दुखावले. दुसरा कोणी असता तर विलायतेस पत्र लिहून दोन वर्षे वाट पाहत बसला असता. लॅम्टन कारागिरांना घेऊन तंबूत शिरला, आणि सहा आठवडे खपून, एक एक अंश हळूहळू ओढून, त्याने ते वर्तुळ पुन्हा वाटोळे केले. मोहीम वाचली आणि उत्तरेची वाट धरून कृष्णा, गोदावरी, वर्धा अशी मराठी मुलखापर्यंत येऊन पोचली.

दगडांची ओळख वैद्यांनी करून घ्यावी, ही चालही या किनाऱ्याला जुनीच होती. कुंभकोणमच्या पूर्वेस समुद्रकाठी तरंगमबाडी येथे डेन लोकांची वसाहत होती. लिनीअसचा शिष्य योहान केनिग हा तेथे मिशनचा वैद्य म्हणून १७६८ मध्ये आला आणि वनस्पतींच्या शोधात सारा किनारा हिंडला. त्याच्यामागून आलेला वैद्य बेंजामिन हाइने पुढे कंपनीच्या चाकरीत शिरला आणि आंध्रातील तांबे, लोखंड व हिरे यांच्या खाणींवर त्याने लिहिले. खुद्द तंजावरात सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारून औषधांची पारख चालविली होती; नेत्ररोग्यांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वती महालाच्या संग्रहात आजही आहेत. त्या काळी वैद्य होणे म्हणजे निसर्गाच्या तिन्ही राज्यांची तोंडओळख करून घेणे असे. औषध प्राण्यांपासून निघते, वनस्पतींपासून निघते, तसेच धातूंपासूनही निघते. तेव्हा ज्याला खनिज ओळखता येत नाही त्याचे वैद्यक अपुरेच समजले जाई. सुवर्णमाक्षिक आणि हरताळ यांची परीक्षा करणाऱ्या आपल्याकडील रसवैद्याला यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते.

१८१८ साली लॅम्टनची मोहीम मद्रास सरकारकडून काढून गव्हर्नर जनरलच्या थेट देखरेखीखाली घेण्यात आली, आणि हिंदुस्थानची थोरली त्रिकोणमिती पाहणी असे तिचे नामकरण झाले. लॅम्टन आता म्हातारा झाला होता. त्याच्या मदतीस दोन माणसे नेमण्यात आली. त्यांपैकी एकाचे नाव जॉर्ज एव्हरेस्ट. ते पुढे जगातील सर्वांत उंच शिखराला चिकटले आणि शाळेतल्या पोरालाही पाठ झाले. दुसरा, शस्त्रवैद्य आणि भूगर्भज्ञ या दुहेरी हुद्द्यावर नेमलेला हेन्री वेस्ली व्हॉयसे. त्याचे नाव मात्र भूगर्भशास्त्राच्या जुन्या ग्रंथांपलीकडे फारसे कोणाच्या कानी नाही.

व्हॉयसेचा जन्म इंग्लंडात १७९१ मधला. म्हणजे नेमणुकीच्या वेळी त्याचे वय सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. सैन्यातला वैद्य हा त्याचा पेशा. छावणीतील माणसांचे ज्वर आणि जखमा पाहणे हे त्याचे पहिले काम. उरल्या वेळात खडकांकडे पाहावे, अशी सरकारची अपेक्षा. मोजणीच्या कामाला खडकांची गरज काय, असे कोणी विचारील. पण मोजणीदाराचा सारा भरवसा ओळंब्यावर असतो, आणि जवळ जड खडकांची रास असेल तर ओळंबा तिच्याकडे किंचित ओढला जातो. आपल्या निरीक्षणांत येणाऱ्या काही तफावती जमिनीखालच्या जड खनिजांमुळे असाव्यात, असा तर्क लॅम्टनने पूर्वीच केला होता. याशिवाय लोखंड कोठे, हिरे कोठे, इमारतीचा दगड कोठे, हे जाणण्यात राज्यकर्त्यांना रस होता, हे वेगळे सांगावयास नको.

मोहिमेचे ठाणे हैदराबादेस होते. १८१९ च्या पावसाळ्यात कृष्णा आणि गोदावरी यांच्या मधल्या जंगलात एव्हरेस्ट काम करीत असता व्हॉयसे त्याच्याबरोबर होता. पावसाळ्यात हवा धुतली जाते, दूरची निशाणे स्वच्छ दिसतात, म्हणून ती वेळ निवडलेली. पण तीच वेळ जंगलातील तापाचीही. दोघेही अंथरुणाला खिळले. वैद्यच आजारी पडल्यावर औषध कोणी द्यावे? तळावरची दीडशेच्या आसपास माणसे तापाने पडली. हैदराबादेहून हत्ती, पालख्या, गाड्या जे मिळेल ते वाहन पाठवून त्यांना परत आणावे लागले आणि त्यांतील पंधराजण वाटेतच दगावले. त्या पंधरांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत. एव्हरेस्टची प्रकृती इतकी खालावली की पुढच्या वर्षी हवापालटासाठी त्याला आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जावे लागले. व्हॉयसे पुन्हा उठून कामाला लागला.

खनिजे जमविण्याचा छंद म्हणजे चकचकीत खडे पेटीत भरणे, अशी एक समजूत आहे. व्हॉयसेच्या काळच्या जाणत्याची कामाची रीत निराळी होती. हातोडीने खडकाचा ताजा तुकडा काढायचा, कारण उन्हापावसाने मुरलेला पृष्ठभाग खोटे बोलतो. त्याची कठीणता दुसऱ्या खनिजाने ओरखडा काढून पाहायची, चिनी मातीच्या तुकड्यावर घासून त्याची भुकटी कोणत्या रंगाची निघते ते पाहायचे, आम्लाचा थेंब टाकून फसफस होते काय ते पाहायचे, आणि सोनाराच्या फुंकणीसारख्या नळीने दिव्याची ज्योत त्यावर रोखून तो वितळतो की रंग बदलतो ते पाहायचे. एवढे झाल्यावर त्या तुकड्याला चिठ्ठी बांधायची: कोणते गाव, कोणता डोंगर, कोणत्या थराच्या वर आणि कोणत्या थराच्या खाली. ही चिठ्ठी गळून पडली की अमोल नमुन्याचा पुन्हा धोंडा होतो. दप्तराशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

या रीतीने व्हॉयसेने निजामाचा मुलूख पायाखाली घातला. हैदराबादच्या प्रदेशाचा त्याने केलेला भूगर्भीय नकाशा या देशातील पहिल्या नकाशांत गणला जातो. नल्लमलाच्या डोंगरात बनगानपल्लीच्या हिऱ्यांच्या खाणी त्याने पाहिल्या आणि हिरा तेथे वाळूच्या दगडात जडलेल्या गोट्यांच्या थरात सापडतो, हे नोंदविले. कृष्णेच्या काठावरील जुन्या खाणींत तो गेला. जुन्या खाणकऱ्यांनी टाकून दिलेली बारीक कच काही वर्षांनी वाढते आणि तिचे पुन्हा हिरे होतात, ही खाणीवरच्या लोकांची श्रद्धाही त्याने टिपून ठेवली. या श्रद्धेमुळे टाकाऊ मालाचे ढीग पुन्हा पुन्हा चाळले जात, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही.

हल्लीच्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम् येथे पोलाद गाळणारे कारागीर त्याला भेटले. लोखंडाच्या दोन निरनिराळ्या जाती ठराविक प्रमाणात मुशीत घालून ते जे पोलाद काढीत, त्याची ख्याती इराणपर्यंत पोचली होती. इस्फाहानचा एक व्यापारी तेथे मुक्काम ठोकून, स्वतः माल तोलून, भट्टीवर देखरेख करीत असलेला व्हॉयसेला आढळला. दमास्कसची म्हणून जगभर वाखाणली गेलेली तलवारीची पाती ज्या पोलादाची, ते तेलंगणातील खेड्यात जन्म घेत होते. व्हॉयसेचे हे टिपण आता त्या हुन्नराच्या मोजक्या प्रत्यक्ष साक्षींपैकी एक होऊन बसले आहे. भट्ट्या केव्हाच विझल्या.

आग्र्याच्या इमारतींवरही त्याने एक लेख लिहिला. ताजमहाल पाहून लोक कविता करतात. व्हॉयसेने पच्चीकारीतील एक एक पाकळी पाहून तिची जात ठरविली: हा राजावर्त, हा सूर्यकांताचा प्रकार, हा अकीक, हा लालडा गोमेद, ही पिवळी संगमरवराची चकती. पुढे ताजवर लिहिणारे पुष्कळजण त्याच्याच यादीचा आधार घेत राहिले. या यादीतील अकीक आणि त्याचे भाईबंद ज्या खडकाच्या पोकळ्यांत तयार होतात, त्याच खडकाशी व्हॉयसेचा खरा झगडा होता. तो खडक म्हणजे आपला काळा पाषाण.

मराठी माणसाला हा दगड दाखवावा लागत नाही. घराचे जोते त्याचे, गडाचा कडा त्याचा, विहिरीची बांधणी आणि पाटा-वरवंटाही त्याचाच. जुने लोक त्याला काळवथर म्हणतात. पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या सह्याद्रीचे रूप पाहून युरोपियनांनी त्याला ट्रॅप हे नाव दिले. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ पायरी असाच आहे. पण हा खडक झाला कसा? युरोपातील पंडितांत यावरून एक पिढीभर रण माजले होते. जर्मनीतील वेर्नर आणि त्याचे अनुयायी म्हणत, असे खडक आदिसमुद्राच्या पाण्यातून साक्याप्रमाणे खाली बसले. स्कॉटलंडातील हटनच्या बाजूचे लोक म्हणत, ही अग्नीची करणी आहे, वितळून वाहिलेला रस थिजून हा खडक झाला. दोन्ही पक्षांची उदाहरणे युरोपातील लहानसहान डोंगरांची. काही लाख चौरस किलोमीटर पसरलेला दख्खनचा काळवथर त्या वादात साक्षीला उभा करणारे कोणी नव्हते.

नागपूरची सीताबर्डीची टेकडी मराठ्यांच्या इतिहासाला ठाऊक आहे ती १८१७ च्या नोव्हेंबरातील लढाईमुळे. भोसल्यांचे राज्य त्या दोन दिवसांत मोडले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी व्हॉयसे त्या टेकडीपाशी आला. नागपूर हे काळवथराच्या पूर्वेच्या काठावर वसलेले शहर. येथे वरचा काळा खडक आणि त्याच्या तळीचा जुना स्फटिकमय खडक एकमेकांशेजारी दिसतात. जेथे दोन खडकांची गाठ पडते तेथे भूगर्भज्ञ थांबतो. व्हॉयसेने सीताबर्डीच्या रचनेवर स्वतंत्र निबंध लिहिला.

१८२३ च्या जानेवारीत, उत्तरेकडे निघालेला वृद्ध लॅम्टन वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे २० तारखेला वारला. त्याची कबर तेथेच आहे. मोहिमेचा कर्ता गेला. सूत्रे एव्हरेस्टकडे आली. त्यानंतर तीन महिन्यांनी, एप्रिलच्या उन्हात, व्हॉयसे वऱ्हाडच्या उत्तरेला गाविलगडाच्या डोंगरात होता. वीस वर्षांपूर्वी आर्थर वेलस्लीने हा गड घेतला तो मराठ्यांच्या युद्धातील एक शेवटचा घाव. आणि कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या हैदराबाद पलटणीतील अधिकाऱ्याने शेजारचे चिखलदरा इंग्रजांच्या नजरेस आणले तेही याच १८२३ साली, असे गॅझेटियर सांगते. व्हॉयसेला मात्र गडाचे किंवा थंड हवेचे वेड नव्हते. त्याला तेथे काळ्या खडकांच्या राशीत दडलेले, दगड होऊन गेलेले शंख सापडले.

ही घटना दिसावयास लहान असली तरी तिचा अर्थ साधा नव्हता. शंख म्हणजे जीव, जीव म्हणजे पाणी. वेर्नरच्या पक्षाने उडी मारून म्हणावे, पाहा, हा खडक पाण्यातच झाला! व्हॉयसेने तसे म्हटले नाही. काळवथर हा अग्नीतून आला, हा त्याचा निष्कर्ष सगळ्या मुलखाच्या पाहणीवर उभा होता. शंखांनी तो डळमळला नाही. मग आगीच्या राशीत जीव कोठून आले? या कोड्याचे उत्तर पुढे उलगडत गेले. लाव्ह्याचा एक पूर येई, थिजे. मग काही काळ शांतता. त्या काळात खडकावर पाणी साचून तळी होत, त्यांत गोगलगायी वाढत, काठाला झाडे उगवत. आणि पुन्हा जमीन फाटून दुसरा पूर त्या सगळ्यावर पसरे. आजचे शास्त्र हा काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा मानते. थरांमधल्या त्या तळ्यांचा गाळ हाच दख्खनच्या भूमीचा वाचता येण्याजोगा इतिहास, आणि त्याचे पहिले पान उघडणाऱ्यांत व्हॉयसे अग्रभागी होता.

ते पान पुरे वाचावयास त्याला वेळ मिळाला नाही. गाविलगडचे शंख हाती आल्यापासून वर्षभरात, कलकत्त्याकडे प्रवास करीत असता, १९ एप्रिल १८२४ रोजी त्याला मृत्यूने गाठले. वय तेहतिशीच्या आतबाहेर. मागे राहिले ते अहवाल, रोजनिशी आणि टिपणांची बाडे.

त्यांचे पुढे काय झाले, ही हकीकतही ऐकण्यासारखी आहे. हिऱ्यांच्या खाणी आणि आग्र्याच्या इमारती यांवरील त्याचे लेख एशियाटिक सोसायटीच्या संशोधनमालेच्या पंधराव्या खंडात १८२५ साली छापून निघाले. तोवर लेखक जाऊन वर्ष झाले होते. सीताबर्डीचा आणि गाविलगडच्या शंखांचा लेख त्यानंतर काही वर्षांनी अठराव्या खंडात आला. पोलादाचे टिपण १८३२ मध्ये, हैदराबादच्या भूरचनेचा अहवाल १८३३ मध्ये. रोजनिशीतील उतारे तर थेट १८४४ आणि १८५० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात निघाले. म्हणजे माणूस जाऊन सव्वीस वर्षे लोटली तरी त्याच्या दप्तरातून कागद निघतच होते. हयातीत स्वतःच्या कामाची एकत्र मांडणी करून, आपला सिद्धान्त एका ग्रंथात सांगून, वाद करणाऱ्यांना उत्तर देण्याची संधी त्याला लाभली नाही. हिंदी भूगर्भशास्त्राचा जनक ही पदवी त्याला पुढे काहींनी दिली. पण ती मिळाली तेव्हा त्या शास्त्राचे बरेचसे निष्कर्ष इतरांच्या नावे रूढ झाले होते.

त्या इतरांना दोष देण्याचे मात्र कारण नाही, कारण त्यांनीही मोल भरून दिले. व्हॉयसेच्या वाटेने प्रथम गेला तो जॉन ग्रँट माल्कमसन; तोही वैद्यच, बेरीबेरी या रोगावरील प्रबंधाने नावाजलेला. हैदराबाद-नागपूर वाटेवरचे थर पाहून, आणखी शंख गोळा करून त्याने १८३७ मध्ये लंडनच्या भूगर्भ संस्थेपुढे निबंध वाचला, आणि व्हॉयसेचे ऋण मोकळेपणी मान्य केले. हा माल्कमसन १८४४ साली खानदेशात फिरतीवर असता धुळ्याला तापाने वारला. त्याच्यामागून नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप, टाकळीच्या थरांतील फळे, बिया आणि कीटक उजेडात आणणारा. तो १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून रात्री परतत असता बोरीच्या ओढ्याला आलेल्या पुरात वाहून गेला. वऱ्हाड-नागपूरच्या खडकांनी एका पिढीतले तिघे असे घेतले.

माल्कमसनचा निबंध १८४० मध्ये छापला गेला तेव्हा त्यातील शंखांची नावे ठेवण्याचे काम सोवर्बी या शंखशास्त्रज्ञाकडे आले. दख्खनच्या त्या मधल्या थरांत जेथे जावे तेथे सापडणारा, डावीकडे वळणारा, अंगठ्याएवढा एक शंख आहे. नागपूरपासून आंध्रापर्यंत थर ओळखण्याची तीच खूण मानली गेली. नव्या जातीला कोणाचे तरी नाव देण्याची रीत असते. सोवर्बीने त्या शंखाचे नाव ठेवले फायसा प्रिन्सेपी, एशियाटिक सोसायटीचा चिटणीस जेम्स प्रिन्सेप याच्या सन्मानार्थ. कलकत्त्याच्या टांकसाळीत बसून अशोकाची ब्राह्मी वाचणारा प्रिन्सेप त्या सन्मानाला सर्वथा पात्र होता. व्हॉयसेचे पोलादाचे टिपण आणि हैदराबादचा अहवाल कागदांच्या ढिगातून काढून छापणाऱ्या नियतकालिकाचा संपादकही तोच.